बारसं न झालेली जनुकं

बारसं होईपर्यंत घरातल्या तान्ह्याला सगळे नुसतं 'बाळ' म्हणतात. ई. कोलाय या जीवाणूच्या जनुकांच्या यादीत बारसं न झालेली अशी शेकडो बाळं आजही आहेत. एखाद्या जनुकाचं काम कळलं की त्या कामावरून त्याला नाव मिळतं. काम कळेपर्यंत तात्पुरतं नाव 'वाय' या अक्षराने सुरू करायचं, असा तिथला संकेत आहे. वायआरएएम, वायसीएफएम अशी ही नावं. 'वाय'च्या पुढची अक्षरं ते जनुक गुणसूत्राच्या साधारण कोणत्या भागात बसलंय ते सांगतात. म्हणजे पत्ता ठाऊक आहे, पण हा गृहस्थ दिवसभर करतो काय, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही माहीत नाही.

हा काही कुठल्या कोपऱ्यात पडलेला जीवाणू नव्हे. तुमच्या-माझ्या आतड्यात तो राहतो, भरपूर खाणं मिळालं तर २० मिनिटांत दुप्पट होतो, आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याच्याइतका अभ्यास फारच थोड्या सजीवांचा केला असेल. १९९७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने त्याच्या के-१२ या वाणाचा सगळा जीनोम, म्हणजे डीएनएचा संपूर्ण मजकूर, वाचून काढला. ४६ लाख ३९ हजार अक्षरं, आणि त्यात प्रथिनं बनवणारी ४,२८८ जनुकं. त्यातल्या ३८ टक्के जनुकांचं काम तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं. २०१९ साली पुन्हा एक मोजदाद झाली. तिचे निकष वेगळे होते, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येणार नाही. पण ज्यांच्या कामाचा प्रयोगातून मिळालेला पुरावा नाही, अशी जनुकं तेव्हाही सुमारे ३५ टक्के निघाली. ज्या सजीवाबद्दल आपल्याला सगळ्यात जास्त कळतं, त्याची ही अवस्था!

मग जनुकाचं काम शोधतात तरी कसं?

सगळ्यात सरळ वाट म्हणजे ते जनुक काढून टाकायचं आणि जीवाणूचं काय बिघडतं ते बघायचं. २००६ साली जपानमधल्या केइओ विद्यापीठातल्या आणि नारा इथल्या शास्त्रज्ञांनी हिरोतादा मोरी यांच्यासोबत हे काम अगदी शेवटापर्यंत नेलं. ई. कोलायचं एकेक जनुक घ्यायचं, ते अलगद कापून काढायचं, आणि त्याच जागी कॅनामायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक बसवायचं. यामुळे दोन गोष्टी साधतात. मूळ जनुक जातं, आणि ते गेल्याची खूणही राहते, कारण असा जीवाणू कॅनामायसिन घातलेल्या प्लेटवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या बशीवर, वाढतो. अशा रीतीने ३,९८५ वेगवेगळे वाण तयार झाले, प्रत्येकात नेमकं एक जनुक गायब. ३०३ जनुकं मात्र काढताच आली नाहीत. त्यांच्याशिवाय जीवाणू बहुधा जगतच नाही. हा सगळा संच 'केइओ कलेक्शन' म्हणून ओळखला जातो आणि जगभरच्या प्रयोगशाळा तो मागवून वापरतात.

आता खरी अडचण. या जवळपास चार हजार वाणांना नेहमीच्या पौष्टिक खाद्यावर वाढवलं, तर बहुतेकांना काहीही झालेलं दिसत नाही. जनुक काढलं तरी जीवाणू मजेत वाढतो. मग ते जनुक बिनकामाचं म्हणायचं का? लाखो वर्षं जपलेली वस्तू बिनकामाची असेल, हे मला पटत नाही. बघण्याची आपली रीतच अपुरी पडते आहे.

माझ्या आजोळच्या घरात पाण्याच्या दोन सोयी होत्या. ग्रामपंचायतीचा नळ होता आणि परसात विहीर होती. नळाला पाणी यायचं ते चावीवाल्यामुळे. तो सकाळी येऊन आमच्या आळीची चावी फिरवायचा. विहिरीचं पाणी यायचं पोहऱ्याने. एखाद्या दिवशी नळ बिघडला, तर घरात कुणाच्या लक्षातही यायचं नाही, विहिरीवरून दोन खेपा जास्त व्हायच्या एवढंच. पोहरा विहिरीत पडला, तर नळावर भागायचं. बाहेरून बघणारा म्हणाला असता, या घराला नळाचीही गरज नाही आणि पोहऱ्याचीही. पण ज्या दिवशी नळ बिघडलेला असेल आणि त्याच दिवशी पोहराही विहिरीत गेला असेल, त्या दिवशी चूल पेटायची नाही.

हे घर लक्षात ठेवा, पुढे ते आपल्याला लागणार आहे.

जीवाणूच्या पेशीतही महत्त्वाच्या कामांना अशा दुहेरी सोयी असतात. एक जनुक काढलं की दुसरं सांभाळून घेतं. दोन्ही एकदम काढली तरच पेशी मरते. याला शास्त्रज्ञ 'सिंथेटिक लेथॅलिटी' म्हणतात. मी या लेखापुरता त्याला 'जोडघात' म्हणतो. ही गोष्ट सगळ्यात आधी फळमाशीत दिसली. कॅल्विन ब्रिजेस यांनी १९२२ साली तिची नोंद केली, आणि १९४६ साली थिओडोसियस डोबझान्स्की यांनी तिला हे नाव दिलं.

दर वेळी पेशी मरतेच असं नाही. बहुतेकदा फक्त वाढ कमी-जास्त होते, म्हणून थोडा हिशेब लागतो. समजा मूळ जीवाणूची वाढ १ धरली. 'अ' जनुक काढलं तर ती ०.८ होते, 'ब' काढलं तर ०.७. या दोन जनुकांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही काढल्यावर वाढ किती असावी? दुकानात २० टक्के सूट आणि उरलेल्या किमतीवर आणखी ३० टक्के सूट मिळाली, तर जसा गुणाकार करतो तसाच इथेही करायचा: ०.८ गुणिले ०.७ म्हणजे ०.५६. प्रयोगात ०.५६ च्या आसपास उत्तर आलं, तर दोघं आपापल्या घरी सुखी, एकमेकांशी देणंघेणं नाही. उत्तर ०.१ आलं, तर दोघं एकमेकांची बाजू सांभाळत होते. आणि उत्तर ०.७ आलं, म्हणजे दुसरं जनुक काढल्याने वेगळं असं काहीच बिघडलं नाही, तर बहुधा दोघं एकाच कामाच्या साखळीतले आहेत. साखळी एका ठिकाणी तुटली की दुसऱ्या ठिकाणी तोडून जास्त काय होणार? नळ बिघडलेला असताना चावीवाला रजेवर गेला, तर घराला काही फरक पडत नाही, तसंच हे.

अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतल्या या तफावतीला जनुकांमधली आंतरक्रिया म्हणतात. आंतरक्रिया म्हटल्यावर दोन जनुकं एकमेकांना जाऊन चिकटतात असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, तसं नाही. हा शब्द हिशेबातून आलेला आहे.

हे सगळं ठीक, पण दोन-दोन जनुकं एकदम गायब असलेले जीवाणू बनवायचे कसे? ४,००० जनुकांच्या जोड्या होतात जवळपास ८० लाख. एकेक जोडी हाताने बनवायची म्हटलं तर आयुष्यं पुरणार नाहीत. इथे जीवाणूंचीच एक जुनी सवय कामी येते. १९४६ साली २१ वर्षांच्या जोशुआ लेडरबर्गने एडवर्ड टेटम यांच्याबरोबर दाखवलं, की ई. कोलायचे दोन जीवाणू एकमेकांना जनुकं देऊ शकतात. पुढे एली वोलमन आणि फ्रांस्वा जाकोब यांनी पॅरिसमध्ये या देवघेवीचा वेग मोजला. दाता आणि ग्राही जीवाणू एकत्र ठेवायचे, आणि दर काही मिनिटांनी थोडं मिश्रण काढून ब्लेंडरमध्ये फिरवायचं, म्हणजे जोड्या तुटतात आणि तोवर जेवढी जनुकं पोचली तेवढीच ग्राहीकडे राहतात. साधा स्वयंपाकघरातला ब्लेंडर! सगळं गुणसूत्र पलीकडे जायला साधारण १०० मिनिटं लागतात, म्हणून ई. कोलायचा जनुकनकाशा कित्येक वर्षं मिनिटांतच मोजला जायचा.

२००८ साली हीच देवघेव यंत्राच्या हातात गेली. अमेरिकेत कॅरल ग्रॉस यांच्या आणि कॅनडातल्या एका गटाने एकाच सुमारास जवळजवळ सारख्याच पद्धती प्रसिद्ध केल्या. दाता जीवाणूत एक जनुक काढून तिथे क्लोरॅम्फेनिकॉल या दुसऱ्या अँटिबायोटिकला दाद न देणारी खूण बसवायची. ग्राही म्हणून केइओ संच घ्यायचा, त्यात कॅनामायसिनची खूण आधीपासून आहेच. यंत्राच्या सुया दोन्हींचे ठिपके प्लेटवर एकावर एक टेकवतात. जनुकांची देवघेव झाल्यावर ते ठिपके दोन्ही अँटिबायोटिक असलेल्या प्लेटवर न्यायचे. दोन्ही खुणा ज्याच्याजवळ आहेत, म्हणजे ज्याची दोन्ही जनुकं गेली आहेत, तोच तिथे वाढणार. एका प्लेटवर १,५३६ ठिपके बसतात. म्हणजे एका जनुकाची जवळपास चार हजार जनुकांशी गाठ घालायला तीन प्लेटा पुरतात. मग कॅमेऱ्याने प्रत्येक कॉलनीचा, म्हणजे ठिपक्यातून वाढलेल्या जीवाणूंच्या पुंजक्याचा, आकार मोजायचा आणि गुणाकाराचा तो हिशेब मांडायचा. जिथे ठिपका उगवायला हवा होता आणि रिकामी जागा दिसते, तिथे थांबून बघायचं.

आता या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो.

बहुतेक जीवाणूंच्या भोवती एक जाळीदार भिंत असते. पेशीच्या आतला दाब मोठा असतो. ही भिंत नसेल तर पेशी फुटते. पेनिसिलिन मारतं ते याच भिंतीचं बांधकाम अडवून. भिंत विणणाऱ्या प्रथिनांना पेनिसिलिन जाऊन चिकटतं, म्हणून त्यांना पीबीपी म्हणजे 'पेनिसिलिन धरणारी प्रथिनं' असं नाव पडलं. ई. कोलायमध्ये त्यांतले दोन मुख्य गवंडी आहेत, पीबीपी १ए आणि पीबीपी १बी. एक काढला तर दुसऱ्यावर भागतं, दोन्ही काढले तर जीवाणू मरतो, हे बरीच वर्षं माहीत होतं. म्हणजे एक नळ आणि एक विहीर.

२०१० साली दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं, की बारसं न झालेली दोन जनुकं या गवंड्यांशी बांधलेली आहेत: वायआरएएम आणि वायसीएफएम. त्यांचं वागणं असं. वायआरएएम एकटं काढलं, तर जीवाणू जगतो. ते आणि पीबीपी १ए हे दोन्ही काढले, तरी जगतो. पण वायआरएएम आणि पीबीपी १बी हे दोन्ही काढले, की मरतो. वायसीएफएमचं याच्या बरोबर उलट: पीबीपी १बी बरोबर काढलं तर काही होत नाही, पीबीपी १ए बरोबर काढलं तर मृत्यू. आणि वायआरएएम व वायसीएफएम एकदम काढली, तर गवंडी दोन्ही जागेवर असूनही जीवाणू मरतो.

आता आजोळच्या घराकडे वळा. समजा त्या घरातलं तुम्हाला काहीच दिसत नाही; कोण गेल्यावर चूल पेटली नाही, एवढीच यादी हातात आहे. चावीवाला आणि नळ दोन्ही गेले तर चूल पेटते. चावीवाला आणि विहीर गेली तर पेटत नाही. चावीवाला आणि पोहरा गेला तरी पेटत नाही. चावीवाल्याला चावी फिरवताना तुम्ही एकदाही पाहिलेलं नाही, पण तो नळाचा माणूस आहे हे या यादीवरून ठामपणे सांगता येतं. तसंच वायआरएएम हे पीबीपी १ए चं मदतनीस, आणि वायसीएफएम हे पीबीपी १बी चं. पुढे प्रथिनं वेगळी काढून केलेल्या प्रयोगांत दिसलं, की प्रत्येक मदतनीस नेमका आपल्याच गवंड्याला जाऊन चिकटतो आणि त्याचं काम सुरू करून देतो. त्यात एक आश्चर्यही निघालं. गवंडी पेशीच्या आतल्या पडद्यात रोवलेले असतात, आणि हे मदतनीस भिंतीच्या पलीकडे, बाहेरच्या पडद्यात बसून मधल्या जाळीतून हात पोचवतात. भिंत कुठे आणि कशी वाढवायची याची सूत्रं आतूनच हलतात, असा तोवरचा समज होता.

या दोन बाळांचं मग रीतसर बारसं झालं. वायआरएएम झालं एलपीओ-ए आणि वायसीएफएम झालं एलपीओ-बी.

अशा दुहेरी सोयी नजरेआड झाल्या की काय होतं, याचा मोठा धडा क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांना मिळाला. त्यांना कमीत कमी जनुकांवर जगणारी पेशी बनवायची होती. मायकोप्लाझ्माच्या एका छोट्या जीवाणूतली 'नको असलेली' जनुकं त्यांनी वगळली आणि उरलेला जीनोम आठ तुकड्यांत बांधला. एकेक बारीक केलेला तुकडा बाकीच्या मूळ सात तुकड्यांबरोबर नीट चालला. आठही बारीक तुकडे एकत्र आणले, तर पेशी जगेना. एका तुकड्यातून नळ काढला गेला होता आणि दुसऱ्यातून विहीर! अशा जोड्या हुडकून काही जनुकं परत घातली, तेव्हा २०१६ साली ४७३ जनुकांची जिवंत पेशी हाती आली. त्यातल्या १४९ जनुकांचं नेमकं काम तेव्हा माहीत नव्हतं, आणि तरी ती होती म्हणूनच पेशी जगत होती.

जनुकांऐवजी परिस्थितीशीही जोडी लावता येते. दुसरं जनुक काढायच्या जागी एखादं औषध घालायचं, मीठ वाढवायचं, थंडी करायची. २०११ साली ग्रॉस यांच्याच गटाने केइओ संचातले वाण ३२४ वेगवेगळ्या परिस्थितींत वाढवून बघितले. प्रत्येक जनुकाच्या नावापुढे तक्रारींची एक लांब यादी तयार झाली: हे गेलं की जीवाणूला अमुक औषध सोसत नाही, तमुक खाद्य चालत नाही. ज्या दोन जनुकांच्या तक्रारी हुबेहूब जुळतात, ती बहुधा एकाच कामावर असतात. मला ही पद्धत फार माणुसकीची वाटते. ज्याच्या जाण्याने सगळं नीट चाललंय असं वाटतं, त्याचीही उणीव कुठल्या तरी वाईट दिवशी भासतेच. तो दिवस शोधायचा.

क्षयाच्या जीवाणूची गोष्ट वेगळी आहे. त्याचा जीनोम १९९८ साली वाचला गेला. त्यात सुमारे चार हजार जनुकं आहेत, आणि बऱ्याच जनुकांची ओळख अजून 'आरव्ही' आणि पुढे एक आकडा एवढीच आहे. तो दुप्पट व्हायलाच जवळपास एक दिवस घेतो, डोळ्यांना दिसेल एवढी कॉलनी व्हायला तीन-चार आठवडे जातात. सुयांनी ठिपके टेकवून देवघेव घडवायची सोय तिथे नाही. तिथे ट्रान्सपोझॉन वापरतात. ट्रान्सपोझॉन म्हणजे गुणसूत्रात कुठेही उडी मारून बसणारा डीएनएचा तुकडा. ज्या जनुकात तो बसला ते निकामी. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी असे उड्या मारणारे तुकडे मक्यात शोधले आणि त्यासाठी त्यांना १९८३ चं नोबेल मिळालं. असंख्य जीवाणूंमध्ये हे तुकडे सोडले, की कुणात एक जनुक बिघडतं, कुणात दुसरं. सगळे एकाच भांड्यात वाढवायचे, आणि शेवटी डीएनए वाचून हजेरी घ्यायची. ज्या जनुकात तुकडा बसलेला एकही जीवाणू हजर नाही, ते जनुक जगायला आवश्यक. आंतरक्रिया बघायच्या असतील, तर आधी एक जनुक काढलेल्या वाणात हाच खेळ पुन्हा खेळायचा आणि दोन हजेऱ्या शेजारी ठेवायच्या. पहिल्या हजेरीत होता आणि दुसरीत नाही, तो त्या काढलेल्या जनुकाचा जोडीदार. २०१५ साली क्षयाच्या जीवाणूतल्या भिंत विणणाऱ्या जनुकांवर हेच केलं गेलं. प्रत्येक गवंड्याचे जोडीदार वेगळे निघाले, आणि कोणता गवंडी नाही त्यावर कोणतं औषध जास्त लागू पडतं तेही बदललं. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. त्यामुळे कोणत्या दोन ठिकाणी एकदम घाव घातला की हा जीवाणू सावरणार नाही, या प्रश्नाचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको.

जी जनुकं काढताच येत नाहीत, त्यांचं काय? त्यासाठी क्रिस्परची, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापायच्या तंत्राची, एक सौम्य तऱ्हा आहे. कापणारं प्रथिन बोथट करून जनुकावर नुसतं बसवून ठेवायचं, म्हणजे ते जनुक तुटत नाही, त्याचा आवाज फक्त खाली येतो. नळ न तोडता चावी निम्मी फिरवावी तसं. २०१६ साली बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूतल्या २८९ आवश्यक जनुकांवर हा प्रयोग झाला.

या सगळ्यात फसायच्या जागाही पुष्कळ आहेत. जीवाणूत अनेक जनुकं एका ओळीत बसतात आणि सगळी मिळून एकाच संदेशात वाचली जातात. पहिल्यात काही अडकलं, तर मागची गप्प होतात, आणि दोष उगाच पहिल्याच्या माथी येतो. गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असलेल्या जनुकांच्या बाबतीत देवघेवीची पद्धत हमखास चकवते. दात्याकडून एका जनुकाची खूण येते तेव्हा शेजारच्या जनुकाची धडधाकट प्रतही तिच्याबरोबर येते, आणि ग्राहीतली खूण पुसली जाते. प्लेटवर रिकामी जागा दिसते ती त्यामुळे. जोडघाताचा तिथे संबंध नसतो. कधी आजारी वाणात दुसरीकडेच एखादा बदल होऊन तो आपोआप सुधारतो, आणि आपण मोजत बसतो त्या सुधारलेल्यालाच.

म्हणून नाव देण्याआधी एक पायरी कुणीही गाळत नाही. काढलेलं जनुक प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएवर बसवून त्याच जीवाणूत परत घालायचं, प्लेट रात्रभर उबदार कपाटात ठेवायची, आणि सकाळी त्या रिकाम्या जागी कॉलनी उगवली आहे का ते बघायचं.